डाव्या कानाची मेंढरं

बिरूआबांना कुठल्याही पिक्चरबद्दल विचारा, ते आधी त्यातली जनावरं मोजून सांगतात.

मध्यंतरी त्यांचा पुतण्या त्यांना मोठ्या हौसेनं माजलगावला घेऊन गेला होता. नवा पिक्चर, मोठा हीरो, तिकिटासाठी मारामारी. परत आल्यावर मी विचारलं, "काय आबा, कसा होता?"

"अडीच घंटे बसलो, फोटूमास्तर. एक कुत्रं."

"एकच?"

"एकच. आन् ते बी पट्ट्याचं."

एवढं बोलून त्यांनी फेटा सारखा केला आणि तंबाखूची डबी काढली. त्यांच्या लेखी पिक्चरचा निकाल लागला होता.

माझं तलवाड्याच्या बाजारात फोटो स्टुडिओ आणि झेरॉक्सचं दुकान आहे. हल्ली फोटो ज्याचा तो मोबाइलवर काढतो, तेव्हा स्टुडिओ नावाला आणि झेरॉक्स पोटाला. आबांचं घर आमच्या घराच्या मागच्या अंगाला. दोन्ही घरांच्या मधे त्यांचं मेंढरं कोंडायचं वाडगं. पोरं मोठा कळप घेऊन रानोमाळ हिंडतात, आबांनी आपल्यापुरती वीस-बावीस मेंढरं ठेवलीत. वारा आमच्या दिशेनं असला की आमच्याकडे आलेले पाहुणे चहा घेऊन लगेच उठतात. माझी बायको शोभा याबद्दल आबांचे उपकार मानते.

वय पासष्टीच्या आगेमागे. जन्म कधीचा विचारलं तर "दुस्काळाच्या आदीचा" म्हणतात. कुठल्या दुष्काळाच्या, हे आमच्या बीड जिल्ह्यात विचारायची सोय नाही.

आबांची आणि माझी खरी ओळख झाली ती रेशनकार्डाच्या फोटोवरून. एक दिवस दुकानात आले, सोबत दोरीला बांधलेला दांडगा एडका. म्हणाले, "फोटू काडायचाय." मी म्हटलं, "बसा स्टुलावर, एडका बाहेर बांधा." आबा बसले, पण एडक्याला सोडेनात.

"आबा, रेशनकार्डाला तुमच्या एकट्याचा फोटो लागतो."

"एकल्याचा फोटू मेल्यावर काडून भिताडाला लावत्यात. आमी जितं हाव."

मी फोटो काढून दिला. आठ दिवसांनी कचेरीतून तो परत आला. यातला अर्जदार कोण, असं तिथल्या साहेबांनी विचारलं म्हणे. आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट म्हणाले, "त्यो एडका लई रुबाबदार आलाय, साहेबाचा घोटाळा हुनारच."

आमच्या घरी ते टीव्ही बघायला येतात, आणि ते आले की आम्ही टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघतो. एकदा लढाईची मालिका चालू होती. दोन फौजा एकमेकींना भिडलेल्या, तलवारींचा खणखणाट, शोभा पदर तोंडात धरून बसलेली. आबा एकदम ओरडले, "थांब बे! त्यो पांढऱ्या पायाचा घोडा आत्ता पलीकडल्या फौजेत व्हता. ह्यांच्यात कवा आला?" मी म्हटलं, घोडे तेच असतात आबा, भाड्यानं आणलेले. आबांना ते पटलं नाही. "फितूर हाय," ते म्हणाले. पुढचे चार भाग त्यांनी फक्त त्या घोड्याच्या शिक्षेची वाट बघितली.

पुराणातल्या गोष्टीचंही तेच. गोकुळातल्या गाई दिसल्या आणि घरातल्या सगळ्यांनी हात जोडले. आबांनी जोडलेले हात सोडले. "जर्शी!" ते म्हणाले. "द्येवाच्या घरी जर्शी गाई? आन् वासरू न लावता पान्हा सोडायल्यात?" शोभानं त्यांना समजावलं की भक्तिभावानं बघायचं असतं. आबांनी मान हलवली. "ताई, मानसाला आक्टिंग येती. जनावराला येत न्हाई. मी आपला जनावराकडं बगतो."

अशा माणसाला जन्मात एकच पिक्चर आवडला, आणि तो आमचं सगळं गावच दरसाल बघतं.

दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, समाजमंदिराच्या सभागृहात एक जुना काळा-पांढरा पिक्चर दाखवायची आमच्याकडे रीत आहे. त्याचं खरं नाव पोस्टरवर असेल ते असेल, गावात त्याला 'भाऊबीजेचा पिक्चर' म्हणतात. दूर दिलेली बहीण, तिच्याकडे ओवाळून घ्यायला बैलगाडीनं निघालेला भाऊ. वाटेत गाडीचा आख मोडतो, नदी आडवी येते, एक ना दोन. इकडे बहीण उंबऱ्यात बसून. शेवटी चंद्र उगवतो. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशी ती ताट घेऊन अंगणात येते, चंद्राला ओवाळायला हात उचलते, आणि दारातून हाक येते. झालं! माहेरी आलेल्या समस्त लेकीबाळी तिथे हुंदके देऊन रडतात. पुरुष खोकतात.

या पिक्चरमधे मध्यंतरानंतर एक प्रसंग आहे. भावाची गाडी मेंढरांच्या कळपात अडकते. मिनिट-दीड मिनिट पडदाभर नुसती मेंढरं. हा प्रसंग साठेक वर्षांमागे आमच्याच शिवेवरच्या रस्त्यावर घेतलेला, आणि ती मेंढरं आबांच्या वडलांची.

म्हणून भाऊबीजेला आबा नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत. मेंढरं येईपर्यंत डोळे मिटून बसणार. मेंढरं आली की ताडकन उभे राहणार, काठी पडद्याकडे करून नावं घेणार. "ती म्होरली बांडी! तिच्या मागं खैरी! ती मोरी, ती तिची पाठ, तिचीच लेक... त्यो बगा सुलतान!" लहान पोरांना ही यादी पाठ झाली आहे, तीही सुरात ओरडतात. मेंढरं संपली की आबा काठी उचलून सरळ घरी. बहीणभाऊ भेटले का राहिले, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. आमच्या मंडळाचे अध्यक्ष भागवतराव दरसाल म्हणतात, "सगळं गाव बहिणीसाठी रडतंय, आन् ह्ये आबा मेंढरासाठी उठतंय." गाव हसतं. मीही हसायचो.

यंदा घोटाळा झाला. पिक्चरची सीडी होती ती मंडळाच्या कपाटात. दिवाळीआधी लावून बघितली तर ती अर्ध्यातच अडकून खरखर करायला लागली. भागवतरावांनी ती धोतराला पुसली, फुंकर मारली, शेवटी माझ्या हातात दिली. "फोटूवाले, गावाची इज्जत तुमच्या हातात हाय." आता इंटरनेटवर काय मिळत नाही? मी दोन दिवस धुंडाळून पिक्चर शोधून काढला. सुरुवातीच्या नावांच्या पाट्या कापलेल्या होत्या, पण चित्र इतकं स्वच्छ की हीरोच्या मिशीचे केस मोजावेत. मी स्वतःवर फार खूश झालो. पुढचा सगळा प्रकार त्या खुशीतून घडला, कारण खूश माणूस नीट बघत नाही.

भाऊबीजेला खिडक्यांना ताडपत्र्या लागल्या, भागवतरावांचे दोन शब्द चाळीस मिनिटांत संपले, आणि पिक्चर सुरू झाला. सगळे म्हणाले, काय चित्र आहे! हीरो भाकरी खायला बसला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "डावखुरा दिसतोय." दुसरा म्हणाला, "मोठी मानसं आसत्यात." चाललं पुढे.

मध्यंतर झालं. चहा झाला. मेंढरं आली.

आबा उठले, काठी वर गेली. "ती म्होरली..." आणि थांबले. पोरं आपली ओरडत सुटली, बांडी, खैरी, मोरी. आबा पडद्याच्या अगदी जवळ गेले, मान वर करून बघितलं आणि वळून म्हणाले, "फोटूमास्तर, बंद कर. ही मेंढरं आमची न्हाईत."

"आबा, बसा बरं खाली," भागवतराव म्हणाले. "पिक्चर त्योच हाय."

"त्योच न्हाई. कान बगा. चीर उजव्या कानाला हाय. आमच्या घरची खूण डावा कान. बाची डावा, आज्याची डावा. ह्यांनी कुनाची मेंढरं घातली हितं?"

"आबा, दिवाळीला नवीन कान कापून घेतले आसतील!" मागून आवाज आला आणि सभागृह हसण्यात बुडालं. हसणाऱ्यांत मी होतो. आज त्याची लाज वाटते, पण होतो.

आबा हसण्याकडे बघतच नव्हते. ते पडद्याकडे बघत होते. कळपाची शेपटी जाईपर्यंत उभे राहिले. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा असा काही उतरला, जशी घरातली कर्ती बाईच गेली. मग ते दारावरची ताडपत्री बाजूला करून बाहेर पडले. पिक्चर पुढे चालू राहिला. चंद्र उगवला, बायका रडल्या, पुरुष खोकले.

संध्याकाळी जेवताना मी शोभाला रंगवून रंगवून सगळं सांगत होतो, जशी काही ती तिथे नव्हतीच. ती भात वाढता वाढता म्हणाली, "आबांचं जाऊ द्या. पण त्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर कसा होता हो?"

"उजव्या?"

"मग! अन् चंद्राला ओवाळत होती तेही उलटीकडून. आम्ही सगळ्या बघत होतो. म्हटलं, जुन्या काळची रीत असंल."

माझा घास हातात राहिला. तसाच उठून लॅपटॉप उघडला. बाजाराच्या प्रसंगात मागे एका दुकानाची पाटी होती. तिच्यावरची अक्षरं उलटी! इंटरनेटवर पिक्चर चढवणारे काही बहाद्दर, मालकाला पत्ता लागू नये म्हणून, चित्र आरशातल्यासारखं उलटं करून टाकतात. ही गोष्ट मी कुठेतरी वाचलेलीही होती. सगळ्या गावानं दोन तास उलटा पिक्चर बघितला. हीरो डाव्या हातानं जेवला, बायका भलत्या खांद्यावर पदर घेऊन हिंडल्या, आणि आम्ही 'मोठी माणसं', 'जुनी रीत' म्हणून सोडून दिलं. खरं बोलला तो एकटा, आणि त्याला आम्ही हसलो.

चित्र सुलटं करणं एका बटणाचं काम. ते करून ठेवलं आणि सकाळी आवरून मागं गेलो.

नऊ वाजून गेले होते तरी मेंढरं वाडग्यातच होती आणि ओरडत होती. आबा बाजेवर बसलेले. फेटा नाही, डोकं उघडं. मी त्यांना तसं पहिल्यांदाच बघत होतो.

"आबा, मेंढरं सोडली नाहीत?"

"सोडतो."

"आबा, कालचं तुमचं बरोबर होतं. चूक माझी आहे."

"आसू दे. सपलं ते." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "लई वर्सं पुरलं. पुसलं आसंल कुनीतरी, दुसरं घातलं आसंल."

किती बोललो तरी हा माणूस वळेना. शेवटी दाराशी खिळ्याला लटकवलेला दाढीचा आरसा काढला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. "आबा, उजवा कान धरा. धरला? आता आरशातल्या माणसानं कुठला धरलाय?"

आबांनी आरशात बघितलं. कान सोडला, पुन्हा धरला. मग डावा धरला. बराच वेळ त्यांचं हे चाललं होतं. मग सावकाश म्हणाले, "म्हंजी काल आरशातली मेंढरं व्हती."

"आरशातलीच. तुमचीच, पण आरशातली."

"आन् काठी बी?"

"कसली काठी?"

आबा उठले, फेटा बांधायला घेतला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला.

सभागृहात प्रोजेक्टर अजून लावलेलाच होता. जमिनीवर शेंगांची टरफलं आणि उलट्यासुलट्या खुर्च्या. आम्ही दोघंच. आबांना पहिल्या रांगेत बसवलं आणि थेट मेंढरांचाच प्रसंग लावला.

ते उभे राहिले नाहीत. काठीही उचलली नाही. बसल्या बसल्या, बाजूला निजलेलं कुणी जागं होऊ नये अशा आवाजात नावं घेत गेले. बांडी. खैरी. मोरी. तिची पाठ. सुलतान. कानाची चीर डावीकडे होती. मी हे इतकी वर्षं बघत होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

कळप संपत आला तसे आबा पुढे झुकले. "आता," ते म्हणाले. "आता बग. थांबीव!"

मी थांबवलं, पण प्रसंग पुढे निघून गेला होता. मागे घेतला. पुन्हा थांबवला.

मेंढरांच्या मागे, पडद्याच्या अगदी कडेला, धुळीत एक मुलगी होती. परकर वर खोचलेला, अनवाणी. सगळ्यांना क्यामेऱ्याकडे बघू नका म्हणून सांगितलेलं असणार, पण ती नेमकी बघत होती. डाव्या हातात काठी.

"आमची ठकूआक्का," आबा म्हणाले.

ते बोलत गेले, पडद्यावरची नजर न काढता. "मी ल्हान व्हतो, रडायलो, म्हनून मला क्यामेऱ्याच्या मागं बशीवलतं. ती माज्याकडं बगायलीय. मी रडतोय का रडायचा राहिलो, ते बगायलीय." थोडं थांबून म्हणाले, "फुडल्या उन्हाळ्यात ताप आला तिला. वाटंवरच गेली. फोटू कवा काडलाच न्हाई. ह्येवढीच हाय."

साठ वर्षं. वर्षातून एकदा, तीन सेकंद. आणि ती गेली की आबा उठून घरी जात, कारण पुढच्या पिक्चरमधली बहीण दुसऱ्या कुणाची तरी असे. मला माझ्या हसण्याची आठवण झाली.

"डावरी व्हती," आबा म्हणाले. "बा लई मारायचा त्याच्यापायी. म्हनायचा, डाव्या हातानं वाडलेलं सासरी कोन खाईल? हातावर मारायचा. मार खायची, पर काठी डाव्याच हातात. काल बगितलं तर उजव्या हातात." ते माझ्याकडे वळले. "म्हनलं, हितं बी कुनी मारून मारून तिचा हात बदलला काय."

मी नाही म्हणून मान हलवली. मग धंद्याचं बोललो. "आबा, याचा मोठा फोटो काढून देतो. चौकटीत घालून. उद्याच देतो."

आबांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ते उठून पडद्यापाशी गेले. इतकी वर्षं ती चालत आली होती आणि चालत गेली होती, अशी उभी राहिलेली त्यांनी कधी बघितली नव्हती. ते उभे आणि ती उभी. तिचं डोकं जेमतेम त्यांच्या छातीला लागत होतं.

"लई ल्हान हाय की रं," ते म्हणाले. "मी आपला तिला आक्का म्हनतोय जलमभर. मला उचलून चालायची ती, मला वाटायचं केवढी मोठी हाय. ह्ये तर लेकरू हाय."

बाहेर कुणाच्या तरी टमटमचा भोंगा वाजला, एक चिमणी ताडपत्रीतून आत येऊन गेली. मग आबांनी पडद्याच्या दुसऱ्या टोकाकडे, जिकडे कळप गेला होता तिकडे बघितलं, आणि त्यांचा जीव एकदम कासावीस झाल्यासारखा दिसला.

"फोटू नगं, मास्तर," ते म्हणाले. "तिला आशी उभी करून ठिवू नगं. मेंढरं लई म्होरं गेली. एकलीच मागं राहील. चालू कर."

मी चालू केलं.